‘रूट कॉज’ शोधता शोधता ताटातली भाकरीच गेली

पत्र थोडक्यात: पुण्यात राहणारी ३३ वर्षांची मैत्रीण, बँकेत नोकरी, सहा वर्षांचा मुलगा, घरी नवरा आणि सासूबाई. घर माळकरी, त्यामुळे अंडं-मासे-मटण काही नाही. गेल्या वर्षी डिप्रेशन आणि पॅनिक अटॅक सुरू झाले, सायकियाट्रिस्टनी एस्सिटालोप्रॅम ही डिप्रेशनची गोळी दिली आणि पाच महिन्यांत तिच्याच शब्दात ‘साठ टक्के’ बरं वाटलं. आहाराबद्दल विचारलं तर डॉक्टर म्हणाले, त्याचा काही संबंध नाही, जे आवडतं ते खा. मग इन्स्टाग्रामवर एक फंक्शनल न्यूट्रिशन कोच सापडल्या, तीन महिन्यांचं ४५ हजारांचं पॅकेज. गहू, दूध-दही, साखर, कडधान्यं बंद, ‘कार्ब्स’ म्हणून भाकरीही बंद. सकाळी तूप घालून ब्लॅक कॉफी, दुपारी एकला किन्वाचा बाऊल, संध्याकाळी सातला सूप, आणि अकरा सप्लिमेंट्स. दोन महिन्यांत सात किलो वजन उतरलं, पण झोप तुटते, पायांना मुंग्या येतात, हात थरथरतात, दरदरून घाम येतो, मुलावर ओरडणं होतं. कोच म्हणतात हा डिटॉक्स आहे, गोळी फक्त लक्षणं दाबते, रूट कॉज म्हणजे मूळ कारण पोटात आहे, आता गोळी सोड. तिचा प्रश्न: ‘गोळी सोडून पूर्ण नॅचरल मार्गाने जाऊ, की कोर्स अर्धवट टाकून आयुष्यभर गोळ्याच खात बसू?’

उत्तर:

तुला तूच म्हणते, माझ्या धाकट्या बहिणीपेक्षाही लहान आहेस.

सगळ्यात आधी थरथरीचं, कारण ही गोष्ट मी सदर छापून येईपर्यंत थांबवून ठेवूच शकत नव्हते, त्या रात्रीच तुला मेल केला होता, पण इतरांसाठी इथे परत लिहिते. तू पत्रासोबत सप्लिमेंटच्या सगळ्या डब्यांचे फोटो पाठवलेस, पुढचे आणि मागचेही, हे फार बरं केलंस. सातवा फोटो, हिरवं झाकण, पुढे मोठ्या अक्षरात ‘मूड सपोर्ट’, आणि मागे इतक्या बारीक अक्षरात की मला फोटो मोठा करून वाचावा लागला: ५-एचटीपी, १०० मिलिग्रॅम. हा पदार्थ शरीरात गेला की त्याचं सेरोटोनिन बनतं, म्हणजे मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन. तुझी गोळी मेंदूतलं सेरोटोनिन जास्त वेळ टिकवते. म्हणजे एकीकडून भर पडतेय आणि दुसरीकडून निचरा कमी होतोय, आणि हे प्रमाणाबाहेर गेलं की हात थरथरतात, घाम सुटतो, छाती धडधडते, जुलाब होतात, एका जागी बसवत नाही. त्याच्याही पुढे गेलं, ताप चढला, अंग ताठरलं, माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर सरळ कॅज्युअल्टी गाठायची, सकाळची वाट बघायची नाही. तू दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केलास, त्यांनी तो डबा बंद करायला सांगितला आणि दोन दिवसांनी तुझा मेसेज आला की थरथर थांबली. त्याला डिटॉक्स म्हणत होते ग. मला तो मेसेज वाचून खरंच हायसं वाटलं, पण रागही आला, कारण ‘तू दुसरं कुठलं औषध घेतेस आणि त्याच्यासोबत हे चालतं का’ हा प्रश्न अकरा डबे हातात देणाऱ्या माणसाने पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. सेंट जॉन्स वर्ट नावाची एक वनस्पती असते, तिच्या गोळ्यांचंही असंच आहे, डिप्रेशनच्या औषधांसोबत ती घ्यायची नाही. डब्यावर नॅचरल लिहिलंय म्हणून ते औषधाशी भांडत नाही असं नसतं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. गोळी की आहार? हा प्रश्न तुझ्यापर्यंत आला कसा ते जरा बघूया. मी १९ वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय आणि त्यातली बरीच वर्षं आठवड्यातले दोन दिवस एका मनोविकारतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये बसते, शेजारच्याच खोलीत. तिथे पेशंट आधी त्यांच्याकडे जातो मग माझ्याकडे येतो, फाईल एकच असते, आणि हा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही. तुला पडला कारण तुला भेटलेली दोन माणसं एकमेकांशी कधी बोललीच नाहीत. डॉक्टरांनी आहार बाजूला सारला, कोचनी गोळी बाजूला सारली, आणि मधल्या मधे निवड करायची जबाबदारी तुझ्यावर आली, जिला त्या वेळी सकाळी उठून दात घासायलाही जड जात होतं. दोघांचंही अर्धं बरोबर आहे आणि दोघांचंही अर्धं चूक आहे असं माझं मत आहे आणि ते का ते सांगते.

डॉक्टरांचं ‘काही संबंध नाही’ हे मला पटत नाही. ऑस्ट्रेलियात डीकिन युनिव्हर्सिटीच्या फेलिस जॅका आणि त्यांच्या टीमने एक ट्रायल केली होती, स्माइल्स नावाची, २०१७ मध्ये छापून आली. मध्यम ते तीव्र डिप्रेशन असलेली आणि खाण्यापिण्याची आबाळ असलेली ६७ माणसं घेतली, एका गटाला १२ आठवडे आहारतज्ज्ञाची मदत दिली, दुसऱ्या गटाला तेवढ्याच वेळा कुणीतरी भेटून गप्पा मारायचं. शेवटी आहाराच्या गटात ३२ टक्के लोक डिप्रेशनच्या व्याख्येतून बाहेर आले, गप्पांच्या गटात ८ टक्के. फरक मोठा आहे. ट्रायल लहान होती, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे लोकांना माहीत होतं, तेव्हा एवढ्यावर फार उड्या मारायला नकोत, पण ‘काही संबंध नाही’ असं म्हणायची सोय तरी आता राहिलेली नाही.

आणि गंमत नाही, हे मी मुद्दाम सांगते: तुझ्या कोचनी तुला जी पीडीएफ पाठवली त्यात पहिल्या पानावर याच ट्रायलचा उल्लेख आहे. पण त्या लोकांनी खाल्लं काय? अख्ख्या धान्याचे पदार्थ, भरपूर भाज्या-फळं, डाळी-कडधान्यं, दाणे-सुकामेवा, बिनसाखरेचं दूध-दही, मासे, अंडी, ऑलिव्ह ऑइल. कमी केलं ते गोड, मैद्याचं, तळलेलं, पाकिटातलं. गहू बंद नव्हता, दूध बंद नव्हतं, कडधान्यं बंद नव्हती, कॅलरी मोजायच्या नव्हत्या, पोटभर जेवायचं होतं. वजनही उतरलं नाही कुणाचं फारसं, तरी मन सुधारलं. आणि त्यातले बहुतेक जण गोळ्या किंवा थेरपी घेतच होते, आहार त्याच्या जोडीला होता. म्हणजे ज्या अभ्यासाचा दाखला देऊन तुझी भाकरी, ताक, उसळ आणि आता गोळी काढून घेतली जातेय त्या अभ्यासात यातलं काहीच काढून घेतलेलं नव्हतं.

‘९० टक्के सेरोटोनिन पोटात बनतं, म्हणून डिप्रेशन पोटातून बरं करायचं’ हे वाक्य तू पत्रात दोनदा लिहिलंयस. पहिला भाग खरा आहे, शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यातच बनतं. पण ते तिथेच आतड्याच्या हालचालींसाठी वगैरे वापरलं जातं, रक्तातून मेंदूत ते जाऊ शकत नाही, मधे अडसर आहे. मेंदू आपलं सेरोटोनिन आपणच बनवतो. आतडी आणि मेंदू यांचं बोलणं चालतं हे खरं आहे, नसेतून चालतं, आतल्या जंतूंमार्फत चालतं, आणि त्यावर काम जोरात सुरू आहे. पण एवढ्यावरून तुझ्या ताकावर बंदी घालण्यापर्यंत उडी मारता येत नाही.

आता मुंग्या. हा भाग मी जरा सावकाश लिहिते कारण आपल्याकडच्या शाकाहारी घरांतल्या कितीतरी जणांचं हेच होतं. तू गेल्या वर्षीचा एक रिपोर्ट पाठवलायस, त्यात व्हिटॅमिन बी-१२ आहे १६२. बहुतेक लॅब २०० च्या खाली गेलं की कमी म्हणतात. त्या कागदावर त्या आकड्याखाली रेघही मारलीय कुणीतरी पेनने, आणि पुढे काहीच झालं नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे आणि आसपासच्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं, २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं, त्यात ६७ टक्के लोकांचं बी-१२ कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. धडधाकट, कामाला जाणारे पुरुष होते ते. बी-१२ झाडापाल्यात नसतं, ते प्राणिज पदार्थांतूनच मिळतं, म्हणजे माळकरी घरात त्याचा एकच झरा असतो: दूध, दही, ताक. तुझं आधीच १६२ होतं आणि तो एकुलता झरासुद्धा दोन महिन्यांपूर्वी बंद केला गेला. त्याऐवजी तुला दिलं स्पिरुलिना, म्हणजे एक प्रकारचं शेवाळ. स्पिरुलिनात जे बी-१२ म्हणून मोजलं जातं ते बहुतांश आपल्या शरीराला वापरताच येत नाही. बी-१२ कमी पडलं की थकवा, विसरभोळेपणा, चिडचिड, उदासी, पायांना मुंग्या, हे सगळं येऊ शकतं, आणि मुंग्या फार दिवस अंगावर काढल्या तर नसांचं नुकसान कायमचं होऊ शकतं. म्हणून हे आहाराने हळूहळू भरून काढू वगैरे नाही, यासाठी डॉक्टरांकडून इंजेक्शन किंवा मोठ्या डोसच्या गोळ्या घ्यायच्या. तोपर्यंत तुझ्या अकरा डब्यांतल्या त्या प्रीनेटल (गरोदर बायकांसाठीच्या) व्हिटॅमिनमधलं भरपूर फॉलिक अॅसिड एकटंच घेत राहू नकोस, त्याने रक्ताचा रिपोर्ट सुधारल्यासारखा दिसतो आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

लगेच एक सांगून ठेवते: बी-१२ भरलं म्हणून डिप्रेशन जाईलच असं नाही. कमी असलेलं भरून काढायचं कारण ते कमी आहे, एवढंच. त्यालाही ‘रूट कॉज सापडला’ म्हणून डोक्यावर घेऊ नकोस.

अजून एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसणार. तू अॅपमध्ये रोजच्या कॅलरी लिहितेस, मी ते स्क्रीनशॉट बघितले, सरासरी हजार-अकराशे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला एक प्रयोग झाला होता, ३६ निरोगी तरुण, स्वतःहून आलेले, त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, साधारण १,५७० कॅलरी. तुझ्यापेक्षा जास्त! आणि झालं काय, तर ती चांगली हसतीखेळती मुलं उदास झाली, चिडकी झाली, माणसांत मिसळेनाशी झाली, दिवसभर डोक्यात फक्त अन्न, कुणी कुणी पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. त्यांना डिप्रेशन नव्हतं, त्यांना भूक होती. तू लिहिलंयस ‘रात्री दोन वाजता जाग येते आणि मी फोनवर रेसिपीचे व्हिडिओ बघत बसते, मला वेड लागलंय का?’ नाही ग बाई. तुला भूक लागलीय. सात किलो उतरल्यावर ऑफिसात सगळे ‘काय मस्त दिसतेस’ म्हणाले आणि त्यामुळे हे कुणाच्या लक्षात आलं नाही, तुझ्याही नाही. त्यात उपाशीपोटी दोन मग ब्लॅक कॉफी, ज्या बाईला पॅनिक अटॅक येतात तिला. कॉफीने छाती धडधडते, धडधडलं की मेंदूला वाटतं अटॅक आला, आणि मग खरंच येतो. कॉफी आधी अर्ध्यावर आण मग अजून कमी कर, एकदम तोडलीस तर डोकं दुखेल.

आता जे मला सगळ्यात जास्त टोचलं ते. तू लिहितेस, ‘कोच मॅमनी माझी पूर्ण हिस्टरी घेतली, दीड तास, आजपर्यंत इतका वेळ कुणीच दिला नव्हता, आणि मग मला कळलं की लहानपणापासूनची बिस्किटं, कॉलेजमधली अँटिबायोटिक्स, सिझेरियन, ऑफिसमधला चहा, या सगळ्याने मीच माझं पोट खराब केलं आणि त्यातून हे ओढवून घेतलं.’ दीड तास ऐकून घेतलं हे फार मोलाचं आहे, ते मी मुळीच नाकारत नाही, फंक्शनल मेडिसिन म्हणून जे १९९१ पासून अमेरिकेत जेफ्री ब्लँड वगैरेंनी मांडलं त्यातली हीच गोष्ट मला आवडते, की झोप, पोट, ताण, घरची परिस्थिती, सगळं एकत्र बघायचं. आमच्याकडच्या ओपीडीत चार मिनिटांत गोळी लिहून होते तिथे माणूस दीड तासासाठी ४५ हजार देतो यात त्या माणसाची काहीही चूक नाही. पण त्या दीड तासातून तू बाहेर काय घेऊन आलीस? अपराधीपणा. डिप्रेशन आधीच माणसाला चोवीस तास सांगत असतं की सगळं तुझ्यामुळेच झालं, आणि इथे त्याला पुरावे गोळा करून दिले गेले. पत्रात पुढे दोनच ओळी आहेत की बाळंतपणानंतर वडील गेले, नंतर ब्रँच बदलली, नवीन मॅनेजर सगळ्यांसमोर बोलतो. ते तू कंसात लिहिलंयस. बिस्किटांना पान दिलंस आणि वडिलांना कंस. एकच मूळ असतं आणि ते खणून काढलं की सगळं साफ होतं ही कल्पनाच मला तपासून बघावीशी वाटते. अंगात काय घेऊन जन्मलो ते, काय सोसलं ते, झोप, थायरॉइड, रक्त, पगार, घरातली माणसं, हे सगळं मिळून होतं, आणि बऱ्याचदा काय किती हे कुणालाच सांगता येत नाही, तरीही माणूस बरा होतो. कुणाशी तरी वडिलांबद्दल बोल. कौन्सेलर शोध. हे आहारतज्ज्ञ सांगतेय.

बरं, मग कोर्सचं काय. तीन वाटा आहेत. एक, आहे तसा पुरा करायचा, कारण पैसे भरलेत. भरलेले पैसे तर गेलेत, उरलेला महिना उपाशी राहून ते परत येणार नाहीत, त्यामुळे ही वाट मी बंद करते. दोन, सगळं सोडून परत दुपारी चारला खारी-चहा आणि रात्री उशिरा झोमॅटो. त्यात तुला बरं वाटत नव्हतं हे तूच लिहिलंयस. तिसरी जरा खटपटीची आहे: कोचनी सांगितलेल्यातलं जे चांगलं होतं ते ठेव. रोज चालणं ठेव, साडेदहाला फोन बाहेर ठेवून झोपणं ठेव, कोल्ड्रिंक-बिस्किटं कमी केलीस ते ठेव. बाकी बंद्या उठव. कोचना सरळ मेसेज कर की मी माझ्या डॉक्टरांशी तुमचं बोलणं करून देते, औषधाबद्दलचा निर्णय तेच घेतील. यावर त्या आनंदाने हो म्हणाल्या तर त्यांच्याकडून शिकण्यासारखं काही असेल. औषध सोडायला सांगायचा अधिकार त्यांना नाही, तो मलाही नाही.

गोळीबद्दल. तू गोळी ‘आयुष्यभर’ म्हणतेस, कुणी सांगितलं आयुष्यभर? पहिल्यांदा डिप्रेशन आलेल्या माणसाला साधारणपणे पूर्ण बरं वाटायला लागल्यावर पुढे निदान सहा महिने गोळी चालू ठेवतात म्हणजे परत घसरण होऊ नये, आणि मग डोस हळूहळू उतरवत बंद करतात. तू अजून साठ टक्क्यांवर आहेस, म्हणजे ते सहा महिने मोजायला सुरुवातही झालेली नाही. मधेच झटकन सोडलीस तर चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखं, उलट्या, भलतीच स्वप्नं, रडू, हे होऊ शकतं, आणि तेव्हा कोणीतरी परत डिटॉक्सच म्हणेल. डॉक्टरांना जाऊन सांग, साठवर अडकलेय, डोस किंवा थेरपी काय करता येईल. आणि ‘तुम्ही आहाराबद्दल उडवून लावलंत ते मला लागलं’, हेही सांग. सांगता येतं डॉक्टरांना. कागदावर लिहून ने, तिथे गेल्यावर सुचत नाही.

खाण्याचं आता. पत्रातली एक ओळ माझ्या डोक्यातून जात नाहीये. ‘आई (सासूबाई) बार्शीच्या, त्यांच्या हातची ज्वारीची भाकरी म्हणजे पापुद्रा असा फुगतो, आता त्यांनी माझ्यासाठी भाकरी टाकणंच बंद केलंय, मी माझा बाऊल घेऊन बेडरूममध्ये जेवते.’ अग, गहू सोडायला लावतात तो ग्लूटेन या चिकट प्रथिनासाठी, आणि ज्वारीत ते नसतंच! ग्लूटेन गव्हात, जवात, राय नावाच्या धान्यात. कोचच्या गहूबंदीच्या नियमाने तरी ती भाकरी चालली असती, आणि तू मात्र किन्वा विकत आणतेस. (ग्लूटेन न सोसण्याच्या आजाराची खरी शंका असेल तर सेलिअ‍ॅकची रक्ततपासणी गहू खात असतानाच करायची असते, आधी गहू बंद केला तर ती तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते. तेव्हा कुणीही आधी सोडू नका.) कडधान्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनाची भीती घातली होती ना तुला, आपण मटकी भिजवतो, मोड आणतो, कुकरला शिट्ट्या देतो, त्यात ते लेक्टिन कुठे शिल्लक राहतं. भाकरी, मटकीची उसळ, त्यावर लिंबू, मेथी नाहीतर शेपू, जवसाची चटणी, वाटीभर घट्ट दही. ऑस्ट्रेलियातल्या त्या ताटाशी हे ताट मांडून बघ, ऑलिव्ह ऑइल आणि मासे सोडले तर फार दूर नाहीये.

पण मला माहितेय की रोज हे होत नाही. मी सुरुवातीच्या काळात एका बाईंना सुंदर चार्ट करून दिला होता, आठवडाभराचा, रंगीत, प्रत्येक दिवशी वेगळी कोशिंबीर. त्या परत आल्याच नाहीत. वर्षभराने रस्त्यात भेटल्या, म्हणाल्या, मॅडम तो कागद फ्रिजवर लावला होता आणि रोज तो बघून रडायचे, मला एक कुकर लावणं होत नव्हतं. त्यानंतर मी डिप्रेशनमधल्या माणसाला चार्ट दिला नाही. आता मी विचारते, अगदी वाईट दिवशी काय जमेल? तर वाईट दिवसांसाठी: मऊ भात, मेतकूट, तूप, मीठ, सोबत दूध किंवा ताक. दहीपोहे, पातळ पोहे धुवायचे, वर दही, मीठ, शेंगदाणे, फोडणीचीसुद्धा गरज नाही, गॅस पेटवायचा नाही, दोन मिनिटं. मुगाची खिचडी. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये फुटाणे-गूळ, एक केळं पर्समध्ये. आणि सकाळी उठल्यापासून दोन तासांच्या आत पोटात काहीतरी, मग ते अर्धी भाकरी आणि दूध का असेना. यापेक्षा जास्त पहिल्या महिन्यात काही करायचं नाही. अॅप काढून टाक फोनमधून, आजच. जेवणासोबतचा चहा तेवढा तासभर लांब ने, चहाने लोह अंगी लागत नाही, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनातही जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा-कॉफी टाळा असंच सांगितलंय.

आणि एक जेवण, रात्रीचं, बाहेर सगळ्यांसोबत बसून. नुसता सूपचा बाऊल घेऊन बसलीस तरी चालेल सुरुवातीला. तुझा मुलगा सहा वर्षांचा आहे, तो बघतोय की आई दार लावून वेगळं जेवते.

इतर वाचकांसाठी थोडं, कारण अशी बरीच पत्रं आहेत. लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी कीटो (जवळजवळ कार्ब्स नसलेला आहार), लांबलचक उपास, मीठ एकदम कमी करणं असं काही डॉक्टरांना न विचारता करायचं नाही, शरीरातलं मीठ-पाणी कमी झालं की लिथियमची पातळी वाढते आणि ते धोक्याचं असतं. ओलान्झापिन, क्वेटियापिनसारख्या मनोविकाराच्या गोळ्यांनी भूक खूप वाढते, वजन वाढतं, यात तुमचा आळस किंवा हावरटपणा नाही, गोळी सुरू झाल्या आठवड्यातच आहारतज्ज्ञ गाठा, वीस किलो वाढायची वाट बघू नका, आणि रागाने गोळीही टाकू नका. घरात कुणी मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेत असेल आणि अलीकडे उदास, विसराळू वाटत असेल तर त्यांचंही बी-१२ बघा, दोन्हींनी ते कमी होऊ शकतं. दोनशे पदार्थांची ती आयजीजी (रक्तातली एक प्रकारची अँटिबॉडी) ‘फूड सेन्सिटिव्हिटी’ टेस्ट करू नका. तुम्ही जे खाता त्याविरुद्ध आयजीजी रक्तात सापडणारच, अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या मोठ्या संघटनांनी ती टेस्ट वापरू नका असं स्पष्ट सांगितलंय. व्हिटॅमिन डीची ६० हजारांची पुडी डॉक्टरांनी जितके आठवडे सांगितली तितकेच, कारण ते अंगात साठतं. आहारासाठी कुणाकडे जाताना आधी विचारा, शिक्षण काय, इंडियन डायेटेटिक असोसिएशनचं रजिस्ट्रेशन आहे का, आणि माझ्या डॉक्टरांशी बोलाल का. स्वतःच सप्लिमेंट विकत असतील तर तेही लक्षात घ्या. आणि खूपच अंधारून आलं, जगणं नको वाटायला लागलं, तर टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

तुला आता इतकंच करायचंय. सायकियाट्रिस्टना नाहीतर फॅमिली डॉक्टरना विचारून या तपासण्या: हिमोग्रॅम, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, व्हिटॅमिन डी, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), तीन महिन्यांची शुगर. थायरॉइड मंदावला की माणूस अगदी डिप्रेशनसारखाच दिसतो, ते बघून घेणं बरं. आणि तुझ्या त्या केसांच्या गमीजमध्ये बायोटिन आहे, ते रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस बंद ठेव, लॅबवाल्यालाही सांग, त्याने टीएसएचचा आकडा चुकीचा येऊ शकतो. बाकीचे डबे एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेव आणि विचार यातले कुठले ठेवू. मला वाटतं एखाददोनच उरतील.

बी-१२ची इंजेक्शनं लिहून दिली तर ती थोडी झोंबतात, आधीच सांगून ठेवते. पहिल्या दिवशी एकटी जाऊ नकोस. आईंना घेऊन जा, रिक्षात बसल्यावर सांग त्यांना की उद्यापासून माझीही भाकरी टाका.